पोर्क शोल्डर ७० अंशांवर अडतो तेव्हा

धुरावर मंद आचेने मांस शिजवायच्या पाककृतींमध्ये ‘पाउंडाला दीड तास’ असं बिनधास्त छापतात, त्याचा मला अजूनही राग येतो. साडेतीन किलोच्या (पावणेआठ पाउंडांच्या), हाडासकट शोल्डरला, म्हणजे डुकराच्या खांद्याच्या मांसाला (इथे अमेरिकेत ‘बोस्टन बट’ म्हणून मागायचा) या हिशोबाने साडेअकरा तास लागायला हवेत. प्रत्यक्षात तो कधी दहा तासांत होतो, कधी चौदा घेतो. म्हणून पाहुण्यांना जेवायची वेळ सांगताना मी दोन तास हाताशी राखून ठेवतो.

केटल ग्रिल (झाकणाची गोल कोळशाची शेगडी) ११० अंश सेल्सिअसवर असेल तर सुरुवातीचे काही तास मांसाचं तापमान भराभर चढतं. मग ६५ ते ७५च्या दरम्यान कुठेतरी काटा अडतो, तो तासन् तास. कधी अंशभर खालीही येतो. थर्मामीटर बिघडला असं वाटतं, आणि इथेच लोक कोळसा वाढवून बाहेरचा थर करपवतात. तसं करू नका. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. जेवढी उष्णता आत येते तेवढीच वाफेवाटे निघून जाते. पृष्ठभाग सुकला की काटा आपोआप हलतो. कोलॅजन विरघळत असल्यामुळे तापमान अडतं, हे सर्रास सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे.

वाट पाहवत नसेल तर गुंडाळा, पण साल (मसाल्याचा बाहेरचा कडक थर) धरल्यावरच: नखाने खरवडून मसाला सुटता कामा नये. फॉइलमध्ये वाफ कोंडते, तापमान झटपट चढतं, साल मात्र मऊ पडते. मेण नसलेला बुचर पेपर (मांस बांधायचा जाड कागद) थोडी वाफ सोडतो. मी तोच वापरतो. गुंडाळल्यावर धूर आत फारसा पोचतच नाही, त्यामुळे पुढचं काम १३० अंशांच्या ओव्हनमध्ये खुशाल करा. त्यात काही कमीपणा नाही.

९५ अंशांच्या आसपास खांद्याचं चपटं हाड हाताने हलवून पाहा. सैल झालं की झालं. टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये तासभर तरी ठेवा.

विस्तवाचं राहिलंच. ग्रिलच्या कडेने ब्रिकेट्सची (दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांची) अर्धवर्तुळाकार रांग लावा, दोन शेजारी-शेजारी आणि त्यावर दोन. पहिल्या अर्ध्या भागावर हिकरीच्या लाकडाचे चार ठोकळे ठेवा आणि एका टोकाला आठ-दहा पेटते निखारे. दुसऱ्या बाजूला, मांसाखाली, पाण्याचा ट्रे. वरची झडप पूर्ण उघडी, खालची पाव. दाट पांढरा धूर मांस कडवट करतो. तो विरळ, निळसर होईपर्यंत मांस ठेवू नका. झाकणावरच्या घड्याळी थर्मामीटरवर विसंबू नका, जाळीवर मांसाशेजारी वेगळा प्रोब लावा. आणि मीठ आदल्या रात्रीच चोळा, साडेतीन किलोला साधारण ५० ग्रॅम.