क्लाव्हाच्या दफनराशी: मावळतीला गाठण्याचे ठिकाण

स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर, नेर्न नदीच्या खोऱ्यात, चार हजार वर्षांपूर्वी रचलेल्या तीन मोठ्या दगडी दफनराशी आहेत आणि प्रत्येकीभोवती उभ्या शिळांचे वर्तुळ आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तेथे दोनदा गेलो, कारण पहिल्या दिवशी सकाळी अकराला पोहोचून दुपारी एकलाच परतण्याची चूक आम्ही केली होती.

दोन टोकांच्या राशींत आत जाणारा अरुंद मार्ग आहे, आणि दोन्ही मार्ग नैऋत्येकडे, म्हणजे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या मावळतीकडे, उघडतात. दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमारास ढग थोडे फाटले आणि त्या मार्गातून शिरलेला तांबूस प्रकाश दालनाच्या मागच्या दगडापर्यंत सरकत गेला. छत नसलेल्या त्या दालनात आम्ही काही मिनिटे बोललोच नाही. २१ तारखेचाच आग्रह धरू नये, कारण त्या सुमारास सूर्याचे मावळतीचे स्थान जवळजवळ हलत नाही आणि मागेपुढे काही दिवस हाच देखावा मिळू शकतो.

राशीभोवती सावकाश फिरावे. नैऋत्येच्या बाजूचे दगड उंच असून विरुद्ध दिशेला उंची उतरत जाते, हे एका जागी उभे राहून लक्षात येत नाही. ईशान्येकडील राशीच्या मागच्या काठावर वाटीएवढे खळगे कोरलेला एक दगड आहे. तिरप्या उजेडात ते खळगे स्पष्ट दिसतात, माध्यान्ही मात्र आम्ही त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. मधल्या राशीला मार्गच नाही, ती नुसती कंकणासारखी गोल आहे.

भोवतालची झाडे प्राचीन नाहीत; ती एकोणिसाव्या शतकात लावली गेली, त्यामुळे ‘गूढ वनराई’ ही कल्पना थोडी बाजूला ठेवलेली बरी.

प्रवेश विनामूल्य असून स्थळ वर्षभर खुले असते. स्वतःचे वाहन नसल्यास १७४६ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेल्या कलोडनच्या रणभूमीपर्यंत बसने जाऊन पुढे सुमारे अर्धा तास चालावे लागते. रस्ता अरुंद आहे आणि परतताना अंधार पडतो, म्हणून विजेरी आणि उठून दिसणारे कपडे आवश्यक. गवत चिंब असल्याने कापडी बूट घालू नयेत; माझे मोजे तर रात्रीपर्यंत वाळले नाहीत. राशींवर चढणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण वरचे दगड सुटे आहेत.