शंभरात चारच उगवले : माझा एमेस्सीचा प्रोजेक्ट

एमेस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला मला प्रोजेक्ट मिळाला तो ताऱ्यांच्या जन्माचा, म्हणजे ययाती तारकासमूहाच्या दिशेला गॅसचा एक भलामोठा ढग आहे, त्यातल्या किती गॅसचे तारे झाले ते काढायचं. मे महिन्यात परभणीकडं गावी आलो तरी लॅपटॉपवर तेच चालू.

हिशोब दिसायला सोपा. स्पिट्झर दुर्बिणीनं इन्फ्रारेडमध्ये त्या ढगात ३८५ कोवळे तारे मोजलेत, अन् गॅस सुमारे ४८०० सूर्यांएवढा. मी प्रत्येक तारा एक सूर्य धरला, तारे अन् गॅस मिळून जेवढं भरतं त्यातला ताऱ्यांचा वाटा काढला, उत्तर आलं ७.४ टक्के. सर फोनवर एवढंच म्हणाले, "बहुतेक तारे सूर्याहून लहान असतात, सरासरी अर्धा धर." परत केलं तर ३.९.

मग तर झोपच उडाली. एवढा गार ढग, उणे २६० अंशाच्या आसपास, स्वतःच्याच वजनानं काही दशलक्ष वर्षांत कोसळून सगळ्याचे तारे व्हायला पाहिजेत की. दोन रात्री कोड तपासला, चूक सापडेना.

सकाळी अण्णा ओसरीवर सोयाबीनची उगवण बघत होते. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या रांगेनं शंभर दाणे गुंडाळून ठेवलेले, ते उलगडून एकेका मोडाला बोट लावत मोजले, ७८ भरले. मला म्हणाले, "तू काय मोजायलास रे?" सांगितलं.

"शंभरात चार? मग बाकीचे शहाण्णव कुठं गेले?"

मी नुसता चार टक्क्यांकडं बघत बसलो होतो, शहाण्णवचा विचारच केला नव्हता. त्या दिवसापासून वाचन त्याच दिशेनं केलं. ढगातला गॅस आतून सतत खवळलेला असतो म्हणून सहज कोसळत नाही, चुंबकीय क्षेत्रही त्याला धरून ठेवतं, अन् मोठे तारे जन्मले की त्यांचा प्रकाश अन् वारा उरलेला गॅस उधळून लावतो, तो पसरतो अन् पुढं कधीतरी दुसऱ्या ढगात येतो. १९७४ सालीच झुकरमन आणि पामर या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की ढग नुसते कोसळत राहिले असते तर आपल्या आकाशगंगेत वर्षाला आताहून कितीतरी पट जास्त तारे झाले असते. होतात दोनेक सूर्यांएवढे. म्हणून तर एवढ्या अब्जावधी वर्षांनंतरही गॅस शिल्लक आहे.

अण्णांना हे सगळं सांगितलं. "म्हंजे वाया गेलं न्हाई," म्हणाले अन् गोणपाट झटकून वाळू घातलं.

व्हायवा चांगली झाली. पण ४८०० चा आकडा ढग आठशेएक प्रकाशवर्षांवर धरून काढलेला, गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीत ढग हजार प्रकाशवर्षांच्या जवळ निघालाय, म्हणजे गॅस जास्त भरणार अन् टक्का अजून उतरणार. तो हिशोब आता करायलोय.