सॅन राफेल स्वेल, मामांचं ॲव्हरेज आणि मागचा लॉकर

डेन्व्हरहून आय-70 ने युटाकडे निघालो, आयझेनहॉवर बोगदा झाला, ग्लेनवूड कॅन्यन झाला, सगळं देखणंच, पण गाडीत विषय एकच, ॲव्हरेज. कोल्हापूरहून आलेले मामा (नवऱ्याचे, उभा जन्म ट्रकच्या धंद्यात गेलाय) डॅशबोर्डवरचा आकडा बघून हळहळत होते. आमची फोर्डची पिकअप एफ-150, 3.5 लिटर इकोबूस्ट (टर्बो पेट्रोल इंजिन), फोर बाय फोर. स्पीड 80 मैल आणि वारा समोरून, त्यात गॅलनला 17 मैलांच्या वर जाईना, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वासात किलोमीटर. मामांनी निकाल देऊन टाकला की मागचं लॉक होणारं डिफच पेट्रोल पितंय. (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी; लॉकर लावला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात.)

हे मला अजिबात पटत नाही. लॉकर लावलेला नसतो तेव्हा ते साधं डिफच असतं, पेट्रोल खातात ती पिकअपची भिंतीसारखी छाती, जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर आणि आपला उजवा पाय. ग्रँड जंक्शनच्या पुढे मी 65 वर ठेवली तर त्याच गाडीने 22 दिलं. मामा गप्प झाले, पण पटलेलं दिसेना.

ग्रीन रिव्हरला टाकी फुल्ल केली, कारण तिथून पश्चिमेला शंभरावर मैल पंपच नाही. तिथली खरबुजं मात्र खाच, अप्रतिम. मोटेल महाग आणि एसी रात्रभर घरघरत होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सॅन राफेल स्वेल या युटातल्या खडकाळ भागात, टेम्पल माउंटनजवळच्या ‘बिहाइंड द रीफ’ रस्त्याला लागलो. एका कोरड्या ओढ्याच्या चढावर गाडी तिरकी अडकली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लावलेलं, तरी हवेतली दोन चाकं फिरतायत, ट्रॅक्शन कंट्रोल खटखट ब्रेक मारतंय आणि गाडी तसूभर हलत नाही. मामा उतरले, मागे उकिडवे बसले आणि ओरडले, “अगं, एक चाक गरगर फिरतंय आणि दुसरं झोपलंय की!”

फोर बाय फोरची नॉब बाहेर ओढली, डॅशवर लॉकची खूण आली. ॲक्सिलरेटर अलगद दाबला. मागची दोन्ही चाकं एका वेगाने फिरायला लागली, जमिनीवरच्या टायरने लाल दगड पकडला आणि गाडी गुरगुर न करता वर आली. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला. मामा धूळ झटकत आले, “हे तर ट्रॅक्टरचं टाचेखालचं पेडल! चिखलातनं उसाची ट्रॉली काढतो ते.” अगदी तेच, मामा. नंतर पूर्ण रस्ताभर त्यांनी ॲव्हरेजचं नाव काढलं नाही.

शेव्हरलेच्या सिल्व्हराडो पिकअपमध्ये ईटन कंपनीचा लॉकर येतो, तो एक चाक फार घसरलं की आपला आपण लागतो. चांगलाच आहे, पण मला घसरायच्या आधी लावायला आवडतो. आणि नुसत्या फोर बाय फोरच्या स्टिकरवर भाळून जुना ट्रक घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. डॅलसच्या चुलत दिरांना एफ-150 घ्यायचीय, त्यांना फोन करून सांगितलं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल बघा, एक्सल कोड ‘एल’ने सुरू होत असेल तर लॉकर कंपनीतून आलाय, नुसतं 19 असेल तर लॉकर नाही, भाव पाडून मागा.