तुम्ही विचारलंत म्हणून: "मग नोकरी लगेच सोडली का नाहीस?"

लग्नात भेटलेले लोक, कॉलेजचा ग्रुप, आणि आता तर कुणाच्या तरी ओळखीने फोन करणारे ज्युनियर, फिरून फिरून सगळे हेच विचारतात. एवढी बेकार कंपनी होती तर अडीच वर्षं काय करत होतास? आणि त्याला चिकटूनच दुसरा प्रश्न, मग आम्ही कधी सोडायची? दरवेळी काहीतरी थातुरमातुर सांगून मी विषय बदलतो. आज एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

तेव्हाच्या औरंगाबादजवळची वाळूज एमआयडीसी, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी व्हेंडर कंपनी, जीईटीला म्हणजे नव्या ट्रेनी इंजिनियरला तिथे काय भाव असतो, हे विचारणाऱ्यांना माहीत असतंच, ते सोडतो. हातात ९,५०० यायचे. बाँड २ वर्षांचा, त्याआधी सोडली तर ५०,००० भरायचे, सोबत सही केलेला कोरा चेक, आणि ओरिजनल मार्कशीट एचआरच्या कपाटात. इथे लगेच कुणीतरी म्हणतं, सर बाँडला कोर्टात काही किंमत नसते. कोण सांगतं तुम्हाला हे? कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७४ म्हणतं की बाँडमध्ये आकडा कितीही लिहिलेला असो, त्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळेल, हे बरोबर, पण वाजवी किती हे ठरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कोर्ट हा शब्द नुसता काढला तरी जेवण जात नाही. शिवाय मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेची ३ वर्षं नोकरी करा नाहीतर २ लाख भरा ही अट वैध ठरवलीय. तेव्हा सगळेच बाँड रद्दी नसतात, कागद नीट वाचा. आणि कोरा चेक देऊ नका, चेक बाउन्सचं प्रकरण फौजदारी होतं. मी दिला होता, वाचलो एवढंच.

माझ्याकडे कारणं होती आणि ती खरी होती. मी ऑगस्ट २०१५ ला जॉईन झालो, पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. आमचं सोयाबीन गेलेलं, वर एज्युकेशन लोन. दादांनी फोनवर एकदाही पैसे मागितले नाहीत. फक्त विचारायचे, "बरं चालू लालंय ना बाबा?" मी म्हणायचो हो. या प्रश्नाला हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन दाखवा, मग मला शहाणपण शिकवा.

पण मुद्दा हा नाहीये, आणि हे मलाही माहितंय.

जून २०१६, सेकंड शिफ्ट. प्रेस शॉपमध्ये एका पॉवर प्रेसचा लाइट कर्टन सारखा ट्रिप होत होता. लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी असलेला किरणांचा पडदा, हात मध्ये आला की स्ट्रोक थांबतो. तेल, धूळ, हललेला ब्रॅकेट, कशानेही ट्रिप व्हायचा, आणि प्रत्येक ट्रिपला दोनतीन मिनिटं जायची. दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती ती तर आधीच बाजूला पडलेली, त्यांच्या जागी पायाचा स्विच, कारण पायाने काउंट जास्त निघतो. त्या दिवशी दुपारी मेंटेनन्सने पडदाही बायपास केला. हे मला कुणी नंतर सांगितलेलं नाही. मी तिथे उभा होतो. शिफ्टचा क्वालिटी इंजिनियर मीच होतो, हातात मापाचा व्हर्नियर होता आणि मी पहिल्या पीसची मापं घेत होतो.

ऑपरेटर जिंतूरकडचा पोरगा, ठेकेदाराच्या रोलवर, वय वीसच्या आसपास. चहाच्या वेळी म्हणाला, "सर, पडदा बंद करून ठेवलाय बरं का. ट्रिप होऊन होऊन टार्गेटच होईना." तक्रार म्हणून नाही म्हणाला, माहिती म्हणून. मी म्हणालो, उद्या जनरल शिफ्टला सांगतो. लॉगबुक समोर होतं. एक ओळ लिहायची होती. लिहिली असती तर मेंटेनन्सशी भांडण झालं असतं आणि माझं कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की होणं, दोन महिन्यांवर होतं.

रात्री नऊच्या पुढे झालं. लोक विचारतात मोठा आवाज आला असेल ना. काही आवाज आला नाही. प्रेसचा जो आवाज असतो तोच. तो ओरडलाही नाही, डाव्या हाताने उजवा हात धरून चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे बघा ना काय झालं." तर्जनी मुळापासून गेलेली. आम्ही सुपरवायझरच्या बाईकवर त्याला मध्ये बसवून नेलं, मी मागे बसून त्याचा हात वर धरून ठेवला होता. रांजणगाव शेणपुंजीच्या रस्त्यावर तेव्हा जे खड्डे होते ते सगळे मला पाठ आहेत.

त्याचा ईएसआयसी नंबरच नव्हता, म्हणजे कामगार विम्यात नावच नव्हतं. त्या रात्री ठेकेदार लॅपटॉप घेऊन आला आणि सकाळपर्यंत नंबर तयार, जॉइनिंगची तारीख अपघाताच्या दिवसाची. चार महिने काम करणारा पोरगा कागदावर पहिल्याच दिवशी बोट घालवून बसला. नंतर मी कायद्याचा तक्ता वाचून काढला, कारण झोप लागत नव्हती. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असं धरतात. मधलं बोट असतं तर १२.

तिसऱ्या दिवशी प्लांट हेडने बोलावलं. "तुझं इंग्लिश चांगलंय, वाय-वाय तू कर." वाय-वाय म्हणजे पाच वेळा का विचारून मूळ कारणापर्यंत जायचं. दुसऱ्याच 'का'ला बायपास येत होता आणि तिसऱ्याला टार्गेट. मी वळण घेतलं. मूळ कारण, ऑपरेटरने एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, पाळली नाही. उपाय, ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग. खाली 'तयार करणारा' या रकान्यात माझी सही. पुढच्या कस्टमर ऑडिटला तोच रिपोर्ट नमुना म्हणून दाखवला, फॉरमॅट छान आहे म्हणाले.

तर त्या दिवशी सोडायला हवी होती. मी स्वतःला हे कैक वेळा सांगितलंय. तेव्हाचा मी उलट विचारतो, तू सोडून गेला असतास तर त्याचं बोट आलं असतं का? नसतं आलं. मग? मग काही नाही, पण सही तरी दुसऱ्या कुणाची असती. यावर तो म्हणतो म्हणजे तुला सहीचंच पडलंय. यापुढे मी हरतो, किंवा तो हरतो, नक्की नाही.

खरं सांगायचं तर बाँड ऑगस्ट २०१७ ला संपला होता. लोन निम्मं फिटलं होतं, त्या वर्षी पाऊसही बरा होता. तरी मी फेब्रुवारी २०१८ पर्यंत तिथेच. ते सहा महिने कुठल्या बाँडमध्ये होतो सांगा. आणि सोडली कशावरून? इन्क्रिमेंट माझं ७०० आणि माझ्यानंतर आलेल्याचं १,१००. चारशे रुपयांवरून मी तडकाफडकी राजीनामा टाकला. बोटावरून टाकला नव्हता. म्हणून मी हा प्रश्न टाळत होतो, आता कळलं असेल.

म्हणून कधी सोडू हे मला विचारू नका. कशी सोडायची ते सांगतो. पेस्लिपा जपा, कंपनी पोर्टल बंद करते. पीएफ कापतात म्हणजे भरतात असं नाही, पासबुकात एंट्री बघा. पीएफ खात्यात एक्झिटची, म्हणजे नोकरी सोडल्याची, तारीख टाकायला कंपनीने छळलं तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत तोंड गोड ठेवा. आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबतोय असं म्हणणाऱ्यांनी आधी गणित करावं, बेसिक १२,००० असेल तर पाच वर्षांचे साधारण ३४,६०० होतात. तेवढ्यासाठी थांबायचं तर थांबा, मी ४०० साठी गेलो.

आता मी शेंद्रा एमआयडीसीत आहे. माझ्या हाताखाली एक पोरगा आहे, वर्ष झालं त्याला. दर दुसऱ्या शनिवारी त्याचं पोट दुखतं. पुण्याला इंटरव्ह्यू शनिवारी असतात हे मला माहितंय, मी काही विचारत नाही, सुट्टी मंजूर करतो. मागच्या आठवड्यात त्याला एका रिपोर्टवर सही करायला सांगितली. साधा रिपोर्ट होता, गेज कॅलिब्रेशनचा, म्हणजे मापाचं साधन बरोबर दाखवतंय का याचा, काहीच नव्हतं त्यात. त्याने तो तीनदा वाचला, मग पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हे गेज मी एकदा बघून येऊ का?"

गेला बघायला. मला राग आला होता, थोडा.