वाघाची भावकी

गेल्या डिसेंबरात आमच्या वावरात ऊसतोड चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टोळीतल्या एका बाईंनी कोयता बाजूला टाकून हाक मारली, "ताई, इकडं या बिगीनं, वाघाची पिल्लं!" सगळा फड जागच्या जागी थांबला. कुणी पोरांना ट्रॉलीवर चढवलं, कुणी मागं सरलं. जुन्नर तालुक्यात याला भित्रेपणा म्हणत नाहीत. इथे उसात बिबट्या वितो, वाढतो, आणि या भागातल्या कितीतरी घरांनी त्याच्यापायी माणूस गमावलंय.

पाचटात दोन पिल्लं होती. माझ्या मुठीहून जरा मोठी, अंगभर ठिपके, डोळे नुकते किलकिले झालेले. मी एकोणीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि तरी पहिल्यांदा माझ्याही तोंडून "बिबट्याचीच" असंच निघालं. वनखात्याचे कर्मचारी आले, खाली वाकून नीट बघून म्हणाले, "वाघाटीची आहेत."

वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या आतबाहेर भरते, घरातल्या बोक्याच्या निम्मीसुद्धा नाही. पिल्लं अशी ठिपक्यांची असतात की उसात सापडली की लोकांना हमखास बिबट्याचे बछडे वाटतात. शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस रुबिजिनोसस. बिबट्याचं पँथेरा पार्डस. कुळ एकच, मांजरांचं, पण भावकी वेगळी.

भावकी हा शब्द मी वर्गातही वापरते. वर्गीकरण म्हटलं की अकरावीची मुलं पाठांतराला बसतात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती. मी म्हणते, ते राहू द्या, आधी सांगा, तुमच्या गावात अमका तमक्याच्या भावकीतला आहे हे कसं ठरतं? नाकावरून? आडनावावरून? की कुणाचा खापरपणजा कोण होता त्यावरून? मोठ्या मांजरांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हे तिन्ही करून पाहिलंय.

माझी आजी बिबट्याला नुसतं बिबट्या कधीच म्हणाली नाही. तिच्या लेखी तो "बिबळ्या वाघ". दुसरा "पट्ट्याचा वाघ". नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीने पेपरात "बिबळ्या वाघ" लिहिलं होतं, तेव्हा मी लाल रेघ मारून अर्धा गुण कापला होता. तो अर्धा गुण मला अजून टोचतो. कारण आजीचं ते नाव म्हणजे सरळसरळ द्विनाम पद्धती आहे. वाघ ही प्रजाती, बिबळ्या आणि पट्ट्याचा या जाती. लॅटिनमध्ये प्रजाती आधी येते, मराठीत मागून, एवढाच फरक.

उलट ही दोन नावांची पद्धत रूढ करणाऱ्या खुद्द लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 मध्ये, आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, सिंह, वाघ, बिबट्या, जॅग्वार आणि घरातलं मांजर या सगळ्यांना एकाच फेलिस प्रजातीत घातलं होतं. पँथेरा हे नाव ओकेन या जर्मन निसर्ग अभ्यासकाने 1816 मध्ये दिलं, पण त्याला हाडामांसाचा आधार मिळायला आणखी शंभर वर्षं लागली. तो दिला रेजिनाल्ड पोकॉक यांनी. ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. 1916 मध्ये त्यांनी मांजरांच्या घशातल्या कंठिकास्थीवर लिहिलं.

हा भाग मी घाईने उरकत नाही. मुलांना हनुवटीखाली, गळा सुरू होतो तिथे दोन बोटं ठेवून आवंढा गिळायला लावते. आत हलतं ते कंठिकास्थी. घरच्या मांजरात ते हाड जिभेच्या मुळापासून कवटीपर्यंत हाडांच्याच साखळीने जोडलेलं असतं. सिंह, वाघ, बिबट्या आणि जॅग्वार यांच्यात मात्र त्या साखळीतली एक कडी हाडाची नसते, तिथे ताणला जाणारा लवचिक बंध असतो. त्यामुळे घसा खाली सरकू शकतो आणि आवाज खोल होतो, असं पोकॉक यांच्या काळापासून मानलं गेलं. म्हणून मोठी मांजरं डरकाळी फोडणारी, बाकीची घुरघुरणारी. आमच्या मुलांना बिबट्याचा आवाज शिकवावा लागत नाही. रात्री पाणी धरायला गेलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतो: करवतीने ओंडका कापावा तसा, मागेपुढे, मागेपुढे.

हा नियम इतका सुटसुटीत होता की मोडला तेव्हा मला वाईट वाटलं. हिमबिबट्याने तो मोडला. त्याच्याही घशात तो बंध लवचिक आहे, पण तो डरकाळी फोडत नाही. मग स्वरतंतूंची तपासणी झाली आणि कळलं की खऱ्या डरकाळीला स्वरतंतूही लांब आणि जाड गादीसारखे लागतात, आणि ते हिमबिबट्याकडे नाहीत. आवाजावरून तो बाहेरचा ठरला होता, त्याला वेगळी प्रजातीही दिलेली होती. 2006 मध्ये मांजरकुळाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हिमबिबट्या पँथेरातच बसला, तोही पट्टेरी वाघाशेजारी. नावात बिबट्या, पण रक्ताने वाघाचा जवळचा.

आणि आपला बिबट्या? तो सिंह आणि जॅग्वारच्या फांदीवर. म्हणजे बिबट्याचं सिंहाशी नातं वाघापेक्षा जवळचं आहे. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग मॅडम, बिबळ्या सिंह म्हणायचं का?" वर्ग हसला, पण प्रश्न चोख होता. युरोपात एके काळी समजूत होती की हा प्राणी सिंह आणि "पार्ड" यांचा संकर आहे, म्हणून तर त्याचं नाव लिओ-पार्ड. समजूत चुकीची, पण त्यांनी नाव जोडलं ते नेमक्या सख्ख्या भावाशी.

चित्त्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, तेव्हा आमच्या गावातला एक जण म्हणाला, "एवढा खर्च कशाला, आपल्या उसातले न्यायचे." त्याला मी घरी बोलावून फोटो दाखवले. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, बिबट्यावर फुलांसारखी पोकळ वर्तुळं. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत आणि तो मांजरासारखा घुरघुरतो. त्याची प्रजाती ॲसिनोनिक्स, भावकी अमेरिकेतल्या प्यूमाची. आणि ज्याला आपण उसात बघतो त्याला चित्ता म्हणत राहिलो, तर आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाला होता, 1952 मध्ये तसं जाहीर करावं लागलं होतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझा खरा राग त्याचा आहे.

उपजातींचा हिशोब अजून चालूच आहे. 2017 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने वाघाच्या दोनच उपजाती धरल्या, पुढच्याच वर्षी जनुकसंचांच्या अभ्यासातून सहा मांडल्या गेल्या. गीरचा सिंह आम्ही "पर्सिका" या वेगळ्या उपजातीचा म्हणून शिकलो, आता त्याला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांसोबत एकाच उपजातीत धरतात. मुलं विचारतात, परीक्षेत काय लिहू? मी म्हणते, पुस्तकातलं लिही, पण वहीत दोन्ही ठेव.

त्या दिवशी पिल्लं क्रेटमध्ये ठेवून क्रेट त्याच सरीत ठेवला, जवळ कॅमेरा लावला. टोळीने तेवढा पट्टा सोडून पलीकडून तोड सुरू केली. रात्री साडेनऊच्या सुमाराला आई आली. आधी क्रेटभोवती फिरली, मग एकाला मानेला धरून घेऊन गेली, आणि बऱ्याच वेळाने दुसऱ्यासाठी परत आली.

सकाळी मी त्या बाईंना मोबाइलवर ते चित्रण दाखवलं. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन दोनदा बघितलं.

"नाव काय म्हणाला हिचं?"

"वाघाटी."

"वाघाटी," त्या म्हणाल्या. "मग वाघच की ताई. बारका."

या वेळी मी लाल रेघ मारली नाही. आजीच्या पद्धतीत हे नाव बसतं आणि माझ्या पुस्तकात बसत नाही, एवढं त्यांना बांधावर बसून सांगितलं. त्यांनी चहा होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "अन् बोका कुणाच्या भावकीत?"