मोरीखालचं पातेलं

गणेश चतुर्थीची पहाट. १,१०० उकडीच्या मोदकांची आगाऊ नोंद, आणि ९ वाजल्यापासून पार्सलं सुटायची होती. पुण्यातल्या एका मराठी थाळीच्या हॉटेलात मी मुख्य आचारी आहे. आम्ही ३ वाजताच शेगड्या पेटवल्या होत्या.

पावणेपाचला चहाचा कप ठेवायला मोरीकडे वाकलो, तर खाली फडक्याने झाकलेलं एक पातेलं दिसलं. फडकं उचललं. आत फुटलेले मोदक. कळ्या फाकलेल्या, सारणातला गूळ बाहेर ओघळून थिजलेला. मोजले, ३४ होते.

उकडीवर होता तो एकोणीस वर्षांचा पोरगा, सोलापूरकडचा. चार महिन्यांपूर्वी भांडी घासायला आला होता. उकडीचा मोदक त्याने पहिल्यांदा आमच्याकडेच खाल्ला. मग काम आटपल्यावर रोज थांबून मावशींच्या हाताखाली उकड काढायला, मळायला शिकला. चतुर्थीला त्याला उकडीवर मीच उभं केलं होतं.

"हे काय आहे?" मी ओरडलो. पोरगा मागे सरकत भिंतीला टेकला, आणि मला माझं मनगट आठवलं.

मी शिकाऊ असताना ग्रेव्ही खाली लागली म्हणून उस्तादाने गरम पळी माझ्या मनगटावर टेकवली होती. त्यानंतर त्या हॉटेलात लागलेली ग्रेव्ही मी कुणाला दाखवली नाही. तळ न खरवडता वरची ग्रेव्ही दुसऱ्या पातेल्यात काढायची, जळका वास दबावा म्हणून क्रीम ओतायचं, हे मी तिथे शिकलो. ते गिऱ्हाइकांनी खाल्लं. त्याची लाज मला आजही वाटते.

मोठ्या हॉटेलांतली कामाची उतरंड फ्रेंच शेफ ऑगस्त एस्कॉफिये यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९० च्या दशकात घडवली, हे प्रत्येक केटरिंग कॉलेजात शिकवतात. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच सैन्यासाठी रांधताना पाहिलेली शिस्त त्यांनी स्वयंपाकघरात आणली. पण त्यांच्या स्वयंपाकघरात आरडाओरड्याला मनाई होती, राग आला की ते स्वतः बाहेर निघून जात. आपण उतरंड तेवढी उचलली, आणि हे मागे ठेवलं.

मी बाहेर गेलो नाही, वेळच नव्हता. पातेलं घेऊन त्याच्याशेजारी पाटावर बसलो आणि एक मोदक मधोमध फोडला. पारी कोरडी होती, कडेला भेगा.

"पहिला कधी फुटला?"

"साडेतीनला."

"उकड मळताना काही वाटलं होतं?"

बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "हाताला कोरडी लागत होती, दादा. पण मला वाटलं माझाच हात कच्चा."

हे ऐकून मला पातेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्याच्या तळव्याला बरोबर कळलं होतं. स्वतःच्या तळव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मात्र त्याला कुणीतरी शिकवलं होतं. त्यात माझाही हात असणार.

मावशींनी पिठाची चिमूट बोटांत चोळली. "पीठ बदललंय. जुन्या तांदळाचं आहे, पाणी जास्त पितं." रात्री नवं पोतं फोडलं होतं, आणि माप मात्र नेहमीचंच होतं, पिठाइतकंच पाणी. नवं पोतं उघडलं की आधी वाटीभर पिठाची उकड काढून बघायची, हे माझं काम. मी ते केलं नव्हतं. सगळ्यांसमोर तसं सांगितलं.

त्याला उकडीवरून हलवावं असं एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं. गर्दीच्या दिवशी ते चूक नव्हतं. पण त्याला त्या क्षणी मोरीवर परत पाठवलं असतं, तर तो पुन्हा कधी उकडीला हात लावणार नाही असं मला वाटलं. मी त्यालाच पाणी वाढवायला सांगितलं. वाटीला सव्वा वाटी पाणी, चमचाभर तूप, मीठ. पीठ घालून झाकण, मंद आचेवर दोन वाफा, मग गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळणं. पारी दुमडली तरी चिरली नाही. मावशींनी कळ्या पाडल्या, मोदक पाण्यात बुडवून स्टीमरला लावले. बारा मिनिटं आम्ही तिघं झाकणाकडे बघत उभे होतो.

एकही फुटला नाही.

तरी वेळ गेला तो गेलाच. शेवटची पार्सलं पाऊण तास उशिरा सुटली. मी एकेका घरी फोन करून माफी मागितली. नैवेद्य खोळंबलेला असताना माणसं रागावणारच.

दुपारी साडेतीनला वरणभात खाऊन झाल्यावर मी वही काढली. काय फुटलं, कशाने फुटलं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच त्यात लिहायचं. कुणाच्या हातून, ते लिहायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. पहिली ओळ माझी होती, पोत्याची. दुसरी लिहायला वही त्याच्याकडे दिली.

"पगारातून कापणार का?"

"नाही."

त्याने ३४ लिहिलं. पेन तसंच धरून बसला. मग म्हणाला, "दादा, त्याआधीचे एकवीस बाहेरच्या डब्यात टाकलेत."

३४ खोडून त्याने ५५ लिहिलं.