दशावतारी गंजिफा : सरावाच्या संचाची प्रगती

गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ. त्याचा सावंतवाडीच्या धर्तीचा १२० पानांचा संच रंगवून झाला. चिताऱ्यांनी केलेली, लाखेचं रोगण चढवलेली पानं रोजच्या सरावात वापरायला जीव होत नाही, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर पोस्टर कलर वापरले. पाठी सगळ्यांच्या एकाच लाल रंगाच्या, कोऱ्या. पाठीवर ब्रशचा फटकारा जरी वेगळा उमटला तरी पान ओळखू येतं, म्हणून पुढच्या बाजूपेक्षा पाठींवरच जास्त वेळ गेला.

दहा अवतारांचे दहा रंग (बदाम-इस्पिकसारखे गट), प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजा-प्रधान सगळीकडे वर. पण पाच ‘सरळ’ रंगांत त्यांच्याखाली दश्शी मोठी आणि उरलेल्या पाच ‘उलट्या’ रंगांत एक्का मोठा, दश्शी सर्वांत हलकी. त्यामुळे नुसत्या खुणा मोजून पानाची किंमत ठरत नाही. आधी जमिनीचा, म्हणजे पानाच्या पार्श्वभूमीचा रंग बघायचा, मगच मोजायचं. हा नियम मला फार आवडतो. बदाम-इस्पिकच्या पत्त्यांत रंग आणि आकडा एकमेकांवर इतके अवलंबून नसतात.

तिघांत वाटल्यावर प्रत्येकाकडे ४० पानं येतात. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे कोपऱ्यात आकडा नाही. पंखा धरला की कडेची नुसती कोर दिसते, आणि त्या कोरेवर दिसतो फक्त जमिनीचा रंग. म्हणून मी पानं आधी रंगाने लावतो, मग सरळ पाच डावीकडे, उलटे पाच उजवीकडे. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी (पहिलं पान त्याने टाकायचं), रात्री कृष्णाचा. तेवढे दोन रंग पहिल्या नजरेत सापडायलाच हवेत.

अडचण ट्यूबलाइटखाली आली. गडद निळा आणि काळा जवळजवळ एक दिसतात. शिवाय आमच्यातल्या एका खेळाडूला लाल-हिरव्यातला फरक जाणवत नाही. त्याच्यासाठी हिरवा बराच फिका केला आणि त्यावर कासव घेतलं, लालवर परशू. आता तो कडेच्या कोरेवरून उजळ-गडद ओळखतो आणि पान उघडल्यावर खुणेवरून खात्री करतो. परवाच्या डावात त्याने उलट्या रंगाची दश्शी हातावर बिनधास्त फेकली आणि एक्का शेवटपर्यंत राखला.

उलट्या पाच रंगांना दुहेरी किनार द्यावी का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. मी विरोधात आहे, कारण कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवणं हाच या खेळाचा कस, आणि उलटा क्रमही डोक्यातच असावा. नवशिक्यांसाठी मात्र उलट्यांपैकी दोनच रंगांना किनार देऊन बघणार आहे : मत्स्य आणि वामन. निळ्याची जमीन त्याच वेळी उजळ करीन.